तीर्थ प्यालेलं झाड

या, अशा जवळ सरका. सतरंजीवर जागा आहे, बुवा अजून आत उपरणं सावरताहेत. कीर्तन उभं राहायच्या आत तुम्हाला एका झाडाची गोष्ट सांगते. माझ्या शेजारची ही जागा मोकळी का ठेवलीय, तेही त्यातच कळेल.

ही जागा यमुताईंची. धरमपेठेत आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान गणपतराव. भूमापन खात्यात जन्मभर नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर बोन्साय करायला लागले. वड, उंबर, चिंच, सगळी आपल्याकडची झाडं. पाहुणं एकच, सुरूसारखं दिसणारं ज्युनिपर. थंड हवेतलं ते, नागपूरच्या मे महिन्यात कसं टिकावं? गणपतराव त्याला हिरव्या जाळीखाली ठेवत, दुपारची झोप सोडून बघायला जात. यमुताई म्हणायच्या, "माझ्या तापाले एवढं नाही पाहिलं कधी."

मागल्या श्रावणात गणपतरावांच्या छातीत दुखलं, ऑपरेशन झालं, आणि झाडं यमुताईंवर आली. घरी श्रावणभर महादेवाला अभिषेक. त्याचं तीर्थ नेहमी तुळशीला जायचं, ते या बाईनं ज्युनिपरला घालायला सुरुवात केली. यांचं लाडकं झाड, ते टवटवीत राहिलं तर हेही उठून बसतील, एवढा भाबडा भाव. वरून पाऊस, त्यात रोजचं तांब्याभर तीर्थ. आणि ज्युनिपरच्या मुळांना ओल साचलेली मुळीच सोसत नाही!

गणपतराव घरी आले तोवर खालच्या फांद्या तांबूस पडल्या होत्या. शेंड्याला तेवढं हिरवं उरलं होतं. त्यांचे हातही कापायला लागले होते. यमुताई तीर्थाचं काही बोलल्या नाहीत. मला मात्र जिन्यात धरून म्हणाल्या, "मीच मारलं वं ते झाड. आता यांच्या तोंडाकडं पाहाले भेव वाटते."

गणपतरावांनी माळ्याकडून माती बदलून घेतली, झाड भरड रेतीत बसवलं. माघात शेंड्याला नवी हिरवी टोकं फुटली, तसे ते म्हणाले, "यमू, आता याले लिटराटी करू. माझे हात थरथरतात, कात्री तू धर."

लिटराटी म्हणजे जुन्या चिनी पंडितांच्या चित्रात असतं तसं झाड. उंच, सडसडीत, जरासं वाकलेलं खोड, आणि वर मूठभर हिरवळ. बाकी सगळं काढून टाकायचं.

यमुताईंचा हात काही होईना. सकाळी म्हणत पूजा आहे, दुपारी ऊन आहे, आणि संध्याकाळी, "दिवेलागण झाली, आता झाडाले हात लावू नये."

"तुझं झाड दिवसभर झोपूनच राहते का वं?" गणपतराव म्हणाले.

शेवटी एका सकाळी गणपतराव स्वतःच गच्चीवर स्टूल टाकून बसले. मी तिथंच चादरी वाळत घालत होते. यमुताईंनी कात्री वाळक्या फांदीशी नेली आणि रडायलाच लागल्या. "मले नाही जमत. मीच याले..."

"तीर्थ टाकत होतीस," गणपतराव म्हणाले.

यमुताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चादरीमागेच झाले.

"तिनं नाही सांगितलं. माती काढली तं बेलाची पानं निघाली. अन् तांदूळ. ज्युनिपरले अक्षता कोण वाहते वं?"

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? मी तं बरा होऊन बसलो तुझ्यासमोर. तीर्थ लागू पडलं, कुंडी तेवढी चुकली."

यमुताई रडता रडता हसल्या. गणपतराव पुढे झुकले. "आता ऐक. बुवा अखेरीस हात वर करतात, पेटी थांबते, तबला थांबते, नुसता गळा राहते. तवाच तुझे डोळे भरतात का नाही? तसंच करायचं हे. बाकी सगळं थांबव."

मग कात्री चालली. फांद्या पडत गेल्या. एक वाळकी फांदी त्यांनी ठेवायला लावली, साल सोलून पांढरी. "ही तुझ्या तीर्थाची." खोडाला तार गुंडाळून वाक द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपला हात यमुताईंच्या हातावर ठेवला. एरवी थरथरणारा तो हात तिथं टेकला आणि शांत झाला. खोड हळूहळू वाकलं, मोडलं नाही.

आता ते झाड त्यांच्या गॅलरीत आहे. मातीत बोट घालून कोरडी लागली तरच पाणी, आणि तीर्थ पुन्हा तुळशीला. गणपतरावांना आता डॉक्टरांनी जिना बंद केलाय, म्हणून यमुताईही कीर्तनाला येत नाहीत. एकट्यानं ऐकलेलं कीर्तन अंगाला लागत नाही म्हणतात.

बुवा आले बघा. अखेरीस पेटी-तबला थांबला की मी त्यांच्या घरी फोन लावून असा वर धरणार आहे. कोणाला खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या. आणि तेव्हा तुमचेही डोळे भरले, तर या मोकळ्या जागेकडे बघून आमच्या यमुताईंची आठवण काढा.