बेबीच्या लग्नाची पंगत आणि वाकडा चमचा

मी एक जुना पितळी चमचा आहे आणि मानेत वाकडा आहे. मित्रांनो, हसायचं असेल तर आताच हसून घ्या. मी कुणाच्या पायाखाली सापडलेलो नाही, की रागाच्या भरात मला कुणी भिंतीवर फेकलेलं नाही. मला जाणूनबुजून वाकवलं आहे आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका भांड्यांच्या दुकानातून रंभाबाईच्या लग्नात आहेर म्हणून मी सानगडीला आलो, तेव्हा चांगला सरळसोट होतो. पण त्या घरात चमच्याने जेवणार कोण? वरणभात हाताने कालवून खाणारी माणसं ती. काही दिवस साखरेच्या डब्यात काढले, मग फळीवर पडून काळा पडत गेलो. मला राग यायचा, पण चमच्याच्या रागाला विचारतो कोण?

रंभाबाईची धाकटी मुलगी रुखमा. तिचा उजवा हात जन्मापासून मुठीत आवळलेला. डाव्या हाताने वस्तू धरता यायची, पण तो मनगटात वळायचा नाही. भिंत धरून चालायची, एकेक शब्द ओढून बोलायची. डोकं मात्र असं तल्लख, की घरात कोण थापा मारतंय ते सगळ्यांत आधी तिला कळायचं. नऊ वर्षांची झाली तरी तिची आजी आनंदाबाई तिला घास भरवायची आणि पाहुणे आले की मागच्या खोलीत नेऊन भरवायची. आजीचा तिच्यावर जीव होता, यात शंका नाही. पण ती दार लावून घ्यायची.

१९८३ च्या उन्हाळ्यात नागपूरहून प्रमिला नावाची एक विद्यार्थिनी गावात आली. ती व्यवसायोपचार शिकत होती आणि त्या शिक्षणाचाच भाग म्हणून अपंग मुलांच्या घरोघरी जाऊन तिला काम करायचं होतं. अंगणात बसून तिने तो शब्द उच्चारला मात्र, रुखमाचे काका सोमाजी सावरून बसले.

"व्यवसाय म्हंजे धंदा," ते म्हणाले. "पोरीले शिवणकाम शिकवता का पापड लाटाले? हात तं चालत नाही तिचा."

"तसा धंदा नाही, काका. लहान मुलांचं काम काय असतं? आपल्या हाताने जेवणं, अंघोळ करणं, खेळणं. ते तिचं तिला करता यावं, एवढंच."

"जेवाचा धंदा?" आनंदाबाई म्हणाली. "मंग आमच्या घरी सारेच धंदेवाले आहेत."

सगळे हसले. प्रमिलाही हसली. रुखमा तेवढी हसली नाही. "मले... शिकव," ती म्हणाली.

मग माझी आठवण झाली. रंभाबाईने मला फळीवरून काढून राखेने घासलं आणि प्रमिलाने रुखमाच्या डाव्या हातात दिलं. भात घेऊन मी निघालो तो थेट तिच्या कानाशी! प्रमिला बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने माझी मान खिडकीच्या गजांत अडकवली आणि रुखमाच्या तोंडाकडे वळवली. दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड केला. "तिचं मनगट वळत नाही ना, मग चमच्याने वळायचं," ती म्हणाली. मला दुखलं, अपमानही वाटला. पण पुढचा घास तोंडात गेला आणि रुखमा तो चावत चावत आईकडे बघत राहिली, तेव्हा माझा अपमान कुठल्या कुठे गेला.

"डाव्या हातानं जेवते का कोनी?" आनंदाबाईने विचारलं.

"जो चालते तोच तिचा उजवा, आई," रंभाबाई म्हणाली. सासूला ती पहिल्यांदाच उलटून बोलली होती.

त्याच उन्हाळ्यात, वैशाखात रुखमाच्या थोरल्या बहिणीचं, बेबीचं लग्न निघालं. "मी... पंगतीत बसन," रुखमाने सांगून टाकलं. आनंदाबाई साफ नाही म्हणाली. तिच्याकडे कारणही होतं. शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय पंगतीतून कुणी उठायचं नाही, ही गावाची रीत. "साऱ्यायचे हात वाळतीन तुह्यापायी," ती म्हणाली. लग्नाच्या दिवशी घास निसटू नये म्हणून उंच काठाची थाळी उजव्या काखेत दाबून, भिंत धरत, मांडवाचे खांब धरत रुखमा गेली आणि सगळ्यांच्या आधी पंगतीत बसली. भरल्या मांडवातून पोरीला ओढून कोण उठवणार? प्रमिला तिच्या शेजारी येऊन बसली.

पण घोटाळा आधीच झाला होता. पाहुण्यांसमोर वाकडा चमचा कसा दिसेल, म्हणून सोमाजींनी सकाळीच माझी ट्यूब सोडून मला चिंचेने लखलखीत घासलं होतं आणि दगडावर ठोकून सरळ केलं होतं, आणि आता पंगतीतच तिच्या हातात आणून दिलं. सगळं मायेपोटी! पहिला घास रुखमाच्या गालाला लागला, दुसरा परकरावर सांडला. वऱ्हाडी माना वळवून बघू लागले. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रमिलाचा हात आपोआप पुढे आला, पण तिने तो मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

"चाल बाई, आत चाल," आनंदाबाई येऊन म्हणाली.

रुखमा हलली नाही. वरण वाढत आलेल्या सोमाजींपुढे तिने मला धरलं. "काका... वाकडा कर."

"अवं, चांगला सरळ केला न मी."

"तुले... पायजे तसा केला. मले वाकडा पायजे."

सोमाजींनी बादली खाली ठेवली. मांडवाच्या खांबाच्या बेचक्यात माझी मान घालून वाकवली आणि खांद्यावरच्या नव्या दुपट्ट्याची चिंधी फाडून दांड्याला गुंडाळली. एवढा आनंद मला दुकानात नवा असतानाही झाला नव्हता.

रुखमा जेवू लागली. सावकाश, तिच्या चालीने. बाकीच्यांच्या पत्रावळी रिकाम्या झाल्या, हात वाळले. नवरदेवाचे मामा भैयाजी चुळबुळ करत अर्धे उठले. "उठाचं का आता?"

आनंदाबाई अजून तिथेच उभी होती. नातीकडे बघत होती.

"पोरगी जेवून राहिली," ती म्हणाली. "बसा, मामाजी."

भैयाजी बसले. रुखमाने तोंडातला घास संपवला आणि थाळी पुढे सरकवली.

"भात... वाढा."

मित्रांनो, आता मी पुन्हा काळा पडलोय. सवड झाली तर चिंचेने घासा, पण माझ्या मानेला हात लावाल तर खबरदार. आणि तुमच्या पंगतीत कुणी सावकाश जेवत असेल, तर त्याला आत नेऊ नका, त्याचा घास उचलू नका. तुमचे हात वाळतील, तर वाळू द्या. बसून राहा.