रंगाखाली अडकलेला करंट

मित्रांनो, मी चिंचणीच्या वामन आणि नलूचा जुना टेम्पो. बारा वर्षं मी त्यांची मासळी पालघरच्या बाजारात नेली. पाट्यांतलं खारं पाणी माझ्या अंगावर सांडायचं आणि पत्रा खायचं. म्हणून वामन दरवर्षी होडी रंगवली की उरलेल्या निळ्या रंगाने मलाही रंगवायचा. होडीचा माणूस तो, इंचभर लोखंड उघडं दिसलं तरी त्याला चैन पडत नसे.

१९८८च्या श्रावणात त्याने मला असंच हौसेने रंगवलं आणि माझी बोलतीच बंद झाली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. हॉर्न घोगरा, दिवे मंद. वामनने नवी बॅटरी बसवली, स्टार्टर बदलला, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी वैतागून त्याने मनोरच्या भंगारवाल्याला बोलावलं. मित्रांनो, मी पार हादरलो!

नलू मात्र हटून बसली. भंगारवाला दहाला येणार, तर तिने आठलाच बोईसरहून गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या विश्रामला आणलं.

विश्रामने बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी मायनसला. बल्ब लख्ख पेटला. मग चासीवर, म्हणजे माझ्या लोखंडी सांगाड्यावर, ओरखडा काढून दुसरी तार तिथे टेकवली. बल्ब नुसता मिणमिणला.

"वयनी, बॅटरी चांगली हाय. करंट परत यायची वाट बंद हाय. ही मायनसवरून चासीला येनारी अर्थिंगची तार कोनी सोडली व्हती?"

"मीच," वामन म्हणाला. "यंदा रंगवताना. तिच्याखालचं लोखंड उघडं रायलं असतं ना. रंगाचे दोन हात मारले आन् बोल्ट परत आवळला."

"दादा, होडीला चालतं ते. गाडीला तिथं उघडंच लोखंड लागतं."

त्याने बोल्ट काढला. नलू मासळी कापायचा सुरा घेऊन खरवडायला बसली. निळे पापुद्रे उडू लागले. मला गुदगुल्या होत होत्या आणि धडधडतही होतं, कारण भंगारवाला दोरखंड घेऊन दारात येऊन उभा होता. विश्रामने तार घट्ट आवळली. वामनने किल्ली फिरवली.

घर्रर्र! मी असा गरजलो की कोंबड्या कुडावर चढल्या. वामनने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "मी याला इकायला काढला व्हता," तो हळूच म्हणाला. नलू पाट्या चढवू लागली. भंगारवाल्याला मनोरच्या वाटेवर बोईसरपर्यंत मीच सोडलं.

मित्रांनो, वामनवर माझा राग नाही. त्याने जपलं म्हणून तर मी टिकलो. पण माया करताना समोरच्याला काय हवंय, तेही विचारत जा. आणि जुनं काही मोडीत काढण्याआधी एखादा बोल्ट सोडून आत बघा. मी तसाच वाचलो.