दोनदा लागणारं दार

बाबांची जीप म्हणजे घरातलं जुनं दुखणं. चारही चाकांच्या जोरावर डोंगर चढायची, पण ड्रायव्हरकडचं दार एका फटक्यात लागेल तर शपथ. बाबा सर्व्हेच्या कामावर होते. त्यांनी ती वर्षानुवर्षं पिटाळली आणि ते गेल्यावर ती धाकट्याच्या गळ्यात पडली.

धाकटाही हौशी. रविवार उजाडला की पाने-पक्कड घेऊन तिच्याखाली शिरायचा.

"माणसांना इतका वेळ देत नाहीस कधी," ताई खिडकीतून म्हणायची.

ही त्याची थोरली बहीण, आईला सांभाळायला येऊन राहिलेली. आईचं डोकं आता साथ देत नव्हतं. अंघोळीपासून औषधापर्यंत सगळं ताई करायची आणि आई तिला 'अहो नर्सबाई' म्हणायची. ओळख मात्र धाकट्याची. संध्याकाळी तो कामावरून आला की आई खुर्चीतून उठायची, दारापर्यंत यायची, त्याच्या हातातली किल्ली घेऊन खिळ्याला अडकवायची आणि मग जेवायला बसायची. त्याआधी अन्नाला तोंड लावेल तर नाव नको. धाकटा मनातून फुलायचा. आई सगळं जग विसरली, मी तेवढा उरलो, हे त्याचं ऑफिसात चारचौघांना सांगूनही झालं होतं.

त्या रविवारी त्याने दाराचं मनावर घेतलं. आतला खटका पार झिजला होता. भंगारवाल्याकडून आणलेला धड खटका बसवला, बिजागरीत वॉशर घातलं, कडेने रबराची पट्टी चिकटवली. दार एका बोटाने लागलं. त्याने ताईला बोलावून ते चारदा उघडून लावून दाखवलं.

"झालं बाई एकदाचं," ताई म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी आई उठलीच नाही.

"आई, मी आलो," धाकटा तिच्यासमोर जाऊन म्हणाला. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं आईने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा दाराकडे वळवली. ती जेवली नाही. मंगळवारीही तेच. ताईने चमच्याने दूध पाजून पाहिलं, ते ओठांतून खाली आलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात हलवावं लागेल. मी काय केलं म्हणून ती रुसली, हेच धाकट्याला कळेना.

बुधवारी उतरताना त्याच्या पिशवीचा बंद दारात अडकला. त्याने चिडून दार उघडलं, बंद ओढून काढला आणि दार पुन्हा आपटलं. वळून बघतो तर आई उंबऱ्यात उभी, हात पुढे केलेला.

तिने किल्ली घेतली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. खरं तर कधीच पाहिलं नव्हतं, हे त्याला आत्ता आठवलं. किल्ली खिळ्याला लागली आणि आई पोटभर जेवली.

तिला निजवून ताई बाहेर आली, तेव्हा धाकटा पायरीवर बसला होता.

"ताई, ती माझी वाट बघत नव्हती. जीपचं दार दोनदा आपटलं की उठते."

ताई त्याच्याशेजारी बसली. "दुपारभर मला विचारत असते, 'हे आले नाहीत का अजून?' कुठल्या आवाजाला उठते ते मला माहीत नव्हतं. पण कुणासाठी उठते ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोघांतल्या एकाला तरी वाटू दे म्हटलं, आईला आपण आठवतो."

धाकट्याला रडू आलं. कितीतरी महिने तो जी माया आपली म्हणून मिरवत होता, ती बाबांची होती. आणि जिला काहीच मिळालं नव्हतं, ती गप्प बसून त्याचं कौतुक ऐकत होती.

सकाळी कामावर जायच्या आधी त्याने नवा खटका काढला. रबर ओरबाडलं. जुना खटका कचऱ्याच्या डब्यातून ताईनेच शोधून आणला, पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"फार घट्ट पिळू नकोस," ती म्हणाली. "बाबांचा होता तसाच ठेव."

संध्याकाळी त्याने दार लावलं. लागलं नाही. पुन्हा लावलं. आत खुर्ची सरकली. रोज दारातून तो 'आई' अशी हाक मारायचा. ती त्याने आज गिळली आणि किल्लीचा हात नुसता पुढे केला.