ओझेलाच्या हातातली पर्स

या मुलांनो, जवळ या. माझा आवाज ऐकू येईल इतकं जवळ या, पण तुमचा हात माझ्यापर्यंत पोचेल इतकं नको. हात मागे बांधा आणि बसा. एक गोष्ट सांगतो. माझा चाप उघडा राहिला, त्या रविवारची ती गोष्ट आहे. गोड नाही. मीही गोड नाही.

मी एक जुना, आखूड नळीचा रिव्हॉल्व्हर आहे. माझ्या पोटात पाच घरं आहेत, पाच गोळ्यांची. गोळीवर आदळणारा माझा घोडा बाहेर दिसत नाही. कपड्यात अडकू नये म्हणून कारागिरांनी तो आतच झाकून टाकला. मोठ्या बंदुका भिंतीवर मिरवतात. मला मात्र लपण्यासाठीच घडवलं. मित्रांनो, ज्याला जन्मभर लपूनच राहायचं असतं, त्याचा स्वभाव जरा तिरसट होतो. राग मानू नका.

माझा पहिला मालक घरोघर फिरून विम्याचे हप्ते गोळा करायचा. माणूस टापटिपीचा होता. कमरेला कातडी खोळ, खोळीत मी, वरून कोट. दर शनिवारी तो मला उघडून पुसायचा, तेलाचा थेंब द्यायचा आणि बायकोला म्हणायचा, "हा माझा सगळ्यात कमी बोलणारा मित्र." तेवढंच काय ते माझं कौतुक. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी मला ग्रेडीच्या दुकानात विकून टाकलं. तिथल्या काचेच्या कपाटात मी किती वर्षं धूळ खाल्ली, देव जाणे. लोक यायचे, चकचकीत नवी शस्त्रं न्यायचे. माझ्याकडे बघून एक पोरगा म्हणाला होता, "हे काय, आजोबांचं लायटर का?"

आणि मग एके दिवशी आर्लिथा टोलिव्हर आली.

जॉर्जियाच्या दक्षिण भागात, भुईमुगाच्या आणि कापसाच्या शेतांमध्ये तिचं घर. नवरा लॉनी नुकताच वारलेला. त्या घराची जागा तिच्या सासऱ्याची. सासऱ्याने मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे जमीन सगळ्या मुलांच्या नावावर एकत्र. लॉनीचा धाकटा भाऊ रूफस चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाळकांचा मदतनीस होता, पुढच्या बाकावर बसायचा, प्रार्थना मोठ्याने म्हणायचा. लॉनीला पुरून महिना झाला नाही तोच तो तिच्या ओसरीच्या पायरीवर येऊन उभा राहिला. ती वाटाणे सोलत बसली होती.

"वहिनी, जागा विकायची आहे. तू बांधाबांध कर."

"हे माझं घर आहे, रूफस."

"घर लॉनीचं होतं. लॉनी तिकडे टेकडीवर झोपलाय."

"तुझ्या भावाच्या कबरीवरची माती अजून ताजी, लाल आहे. लाज धर जरा. पायरीवरून पाय काढ."

रूफसने पाय काढला, पण जाताना वाटाण्याची बादली लाथेने उडवून गेला. "पुढच्या वेळी सांगायला येणार नाही," म्हणाला.

ती वाटाणे वेचत नाही बसली. उठली आणि सरळ ग्रेडीच्या दुकानात आली.

ग्रेडी म्हातारा होता, दिलदार होता, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याने आधी तिला एक नवा, पिसासारखा हलका रिव्हॉल्व्हर दिला. तिचा चेहरा उजळला. "हाच द्या. खिशात आहे की नाही तेसुद्धा कळणार नाही."

"बाईसाहेब, हलका वागवायला बरा, उडवायला नाही. गोळी सुटली की हाताला अशी लाथ मारतो की दुसऱ्यांदा चाप ओढायची इच्छाच होत नाही. आणि ज्याचा सराव करायला हात घाबरतो, ते शस्त्र नुसतं ओझं."

मग त्याने मला काढलं. मी पोलादाचा, जड. तिने मला रिकामाच धरला. माझी मूठ तिच्या तळव्यात नीट बसली. चाप कडक होता, तिला दोन्ही हात लावावे लागले.

"कडक आहे हो."

"असू दे कडक. चुकून ओढला जाणार नाही." ग्रेडीने मान हलवली. "म्हणजे बोटाने चुकून ओढला जाणार नाही. बोटाशिवायही चाप ओढणाऱ्या वस्तू असतात. म्हणून ही खोळ. चाप झाकलेला हवा, कायम. पर्समध्ये ठेवलात तर त्याचा कप्पा वेगळा, त्यात दुसरं काही नाही, किल्लीसुद्धा नाही. आणि पर्स हातातून सोडायची नाही. अंगावर वागवलात तर सगळ्यात उत्तम."

तिने अंगावर वागवून बघितलं. खरंच बघितलं, बिचारीने. कमरपट्ट्याला लावलं तर बसल्यावर माझी मूठ तिच्या बरगडीत घुसायची. पाठीमागे लावलं तर मोटार चालवताना मी आणि ती दोघंही वैतागायचो. घोट्याला बांधलं तर ती लंगडी वाटायची. शेवटी खोळीसकट ॲप्रनच्या खिशात मी छान मावलो. सोमवार ते शनिवार आमचं बरं चाललं. ती कोंबड्यांना दाणे टाकायची, ओव्यांसारखी भजनं गुणगुणायची, आणि मी तिच्या मांडीजवळ ऊबेत पडून असायचो.

पण रविवारी ॲप्रन नसतो. रविवारी पांढरा झगा, पांढरी टोपी. ना पट्टा, ना खिसा. आणि रूफस तर तिथेच, पुढच्या बाकावर. म्हणून मी पर्समध्ये गेलो.

आता ओझेलाबद्दल सांगतो. ओझेला रूफसची बायको, म्हणजे आर्लिथाची जाऊ. चर्चच्या दारावर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेविकांची ती प्रमुख. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे, पाय जमिनीत रोवल्यासारखे. तिच्या नजरेने रडणारी बाळं गप्प व्हायची. लॉनीच्या अंत्यविधीनंतर तिने पीच घातलेला गोड पदार्थ करून पाठवला होता. आर्लिथाने तो झाकणसुद्धा न उघडता परत पाठवला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त टोचून बोलायच्या.

खोळीमुळे मी जाड झालो होतो. पर्सचं तोंड मिटेना, ती फुगून उघडी राहायची. दारात ओझेलाने पाहिलं.

"सिस्टर आर्लिथा, पर्समध्ये बिस्किटं भरून आणलीस की काय? जेवण मिळेल हो इथे. आम्ही दिलेलं परत पाठवू नकोस म्हणजे झालं."

मागच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. आर्लिथाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

मित्रांनो, माणसाचं नुकसान भीतीपेक्षा लाज जास्त करते. पुढच्या रविवारी निघताना तिने मला खोळीतून काढलं. खोळ कपाटाच्या खणात गेली आणि मी उघडा पर्समध्ये गेलो. पर्स झटकन बंद झाली. बारीक, सुबक दिसायला लागली. आत माझ्याबरोबर पेपरमिंटच्या गोळ्या, रुमाल, चष्म्याचं घर आणि एक लांब लोखंडी शेपटीचा कंगवा. वाटेत गाडीने गचका खाल्ला आणि कंगव्याची ती शेपटी माझ्या चापाभोवतीच्या कडीत शिरली. मला कळलं. तिला कळलं नाही. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण मी एकाच तऱ्हेने ओरडतो.

ओझेलाने दारात पर्सकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज बिस्किटं घरीच?"

"आज भूक नाही," आर्लिथा म्हणाली आणि आत जाऊन बसली. पर्स मांडीवर. आमच्याकडच्या बायका पर्स जमिनीवर ठेवत नाहीत. घरातली बरकत निघून जाते म्हणतात. खाली ठेवली असती तर निदान माझी नळी बाकाच्या पायाकडे राहिली असती.

पाळक मॅब्री उभे राहिले. मित्रांनो, मी पोलादाचा, पण त्यांचं प्रवचन सुरू झालं की माझ्यासुद्धा अंगाला कंप सुटायचा. ते आधी साधं बोलत. मग हळूहळू शब्दांना सूर लागायचा, श्वास आखूड व्हायचा, आणि एकेक ओळ ते गाऊनच सांगायचे. प्रत्येक ओळीला ऑर्गन उत्तर द्यायचा, लोक "सांगा, सांगा!" म्हणायचे. भीतीपोटी विकत घेतलेली वस्तू मी, पण तो सूर ऐकताना मला वाटायचं, आपल्याला कोणीतरी वितळवून घंटा करावी.

त्या दिवशी ते गायला लागले, "काठी घेऊन दारात बसलीस, बाई! तुझे डोळे लाल झाले, बाई! आत जा, अंथरूण घाल, बाई! दारावर प्रभू बसलाय, दारावर तो बसलाय!"

आर्लिथा इतके महिने दगडासारखी होती. लॉनीच्या शवपेटीजवळसुद्धा ती रडली नव्हती. तिसऱ्यांदा "दारावर तो बसलाय" आलं आणि ती ताडकन उठली. तिच्या अंगात आत्म्याचा संचार झाला. हात वर गेले, टोपी उडाली, तोंडातून "लॉनी! प्रभू! लॉनी!" एवढंच. पर्स मनगटावर गरगर फिरायला लागली आणि माझी नळी बाकाबाकांवरून फिरली.

अशा वेळी काय करायचं हे आमच्या चर्चमध्ये ठरलेलं आहे. स्वयंसेविका येते, चष्मा काढून घेते, पर्स काढून घेते, दोन्ही हात पसरून उभी राहते, म्हणजे संचार झालेल्या बाईला काही लागू नये. मग ती बाई मैत्रीण असो की वैरीण. ओझेला आली. चष्मा घेतला. पर्स घेतली.

आणि थांबली. तिच्या हातमोज्यातली बोटं कापडावरून एकदा फिरली. तिचा बाप शिकारी होता, तिला सांगावं लागलं नाही. नळी कुठे आहे हे तिने चाचपून ओळखलं. नळीसमोर पांढऱ्या झग्यातल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, पंख्यांनी वारा घेत. ओझेलाने पर्स सावकाश वळवली. उजवीकडे माणसं, डावीकडे माणसं. मग तिने मला सरळ खाली धरलं, जमिनीकडे.

तेवढ्यात रूफस पुढच्या बाकावरून आला. त्याने बायकोचा चेहरा पाहिला होता.

"काय आहे तिच्यात? इकडे दे."

"जागेवर जा, रूफस."

"मला ठाऊक आहे काय असणार. बघू दे सगळ्यांना, ही बाई देवाच्या घरात काय घेऊन येते ते!"

"पर्स जिची तिलाच जाते. नियम आहे. सोड पट्टा."

"मी तुझा नवरा आहे!"

"मग घरी हो. इथे मी कामावर आहे. सोड म्हणते ना!"

तिने जमिनीकडे दाबून धरलं, त्याने वर ओढलं. पर्स दोघांच्या मध्ये चुरगळली. कंगव्याची शेपटी कडीत अडकून वाकली आणि माझा कडक चाप मागे गेला, पूर्ण मागे.

मला दोष देऊ नका. मी जे करायला जन्मलो तेच केलं.

ऑर्गन थांबला. ओझेलाच्या पांढऱ्या बुटावर लाल डाग उमटला आणि पसरला. रूफसच्या हातातून पट्टा गळाला. तो मागे सरकत सरकत बाकावर बसला. ओझेला खाली बसली, पण पर्स तिने सोडली नाही. आर्लिथाच्या अंगातला संचार उतरला होता. ती गुडघ्यांवर आली, आपल्या झग्याची किनार फाडून जावेचा पाय बांधायला लागली.

"ओझेला, अगं, माझ्यासाठी तू—"

"तुझ्यासाठी नाही," ओझेला दात आवळून म्हणाली. "तू मला अजूनही आवडत नाहीस. मी कामावर होते. घे तुझी पर्स, आणि आधी आतलं ते पोलिसांना दे."

तेव्हापासून मी शेरिफच्या, म्हणजे इथल्या पोलीस प्रमुखाच्या, कचेरीतल्या लोखंडी कपाटात आहे. आर्लिथाने मला परत मागितलं नाही. इथला एक शिपाई त्याच चर्चला जातो, त्याच्याकडून बातम्या कळतात. दवाखान्यात रूफस फुलं घेऊन गेला तेव्हा ओझेला म्हणाली, "फुलं ठेव आणि ऐक. वहिनीच्या पायरीवर पुन्हा चढलास, तर या एकाच पायाने तुला आपल्या घराच्या पायरीवरून खाली लोटेन." जमीन अजून विकलेली नाही. दोघी जावा अजून टोचूनच बोलतात. पण आता पीचचा पदार्थ गेला की भांडं रिकामं, घासलेलं परत येतं.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरात असेल तर मोठ्या माणसांना विचारा, तिचा चाप झाकलाय का, ती कुलपात आहे का. मोठी माणसं चिडतील. चिडू द्या. त्यांच्या चिडण्याने कुणाचा पाय जात नाही.

आणि मला विसरलात तरी चालेल. पण पुढच्या वेळी प्रवचनाला गेलात, सूर चढला, सगळे डोळे मिटून डोलायला लागले, की एकदा डोळे उघडून मागे दाराकडे बघा. तिथे कोणीतरी न डोलता उभं असेल, तुमचं डोलणं सुखरूप व्हावं म्हणून. त्या वेळी ओझेला टोलिव्हरची आठवण काढा. तिच्या पायाची तीन बोटं गेली. ती आता काठी टेकून उभी राहते, पण उभी राहते.