अबेलार्दोची गाडी रुसली

अबेलार्दो दुपारच्या बसने घरी येणार होता आणि त्याची लाल गाडी काही केल्या सुरू होत नव्हती.

त्याच्या बायकोने, झुल्मिराने, सकाळपासून कितीदा चावी फिरवली असेल, तिचं तिलाच ठाऊक. दर वेळी मागून 'टक' असा एकच आवाज यायचा आणि मग सामसूम. गाडी दोन माणसांपुरती, जमिनीला टेकलेली, फायबरच्या अंगाची आणि मागे इंजिन असलेली. लग्नाआधी अबेलार्दोने ती साओ पाउलोहून स्वतः चालवत या डोंगरातल्या गावात आणली होती. तेव्हापासून तिचं स्टिअरिंग दुसऱ्या कुणाच्या हाती त्याने फारसं दिलं नव्हतं. डोळ्याचा पडदा सुटला म्हणून त्याला बेलो होरिझोंची शहरातल्या इस्पितळात नेलं, तेव्हासुद्धा जाता जाता तो बायकोला बजावून गेला, "दर रविवारी चालू करत जा. थोडा वेळ फिरू दे, मग बंद कर." ऑपरेशननंतर तिथे बहिणीच्या घरी डोळ्यावर पट्टी बांधून डॉक्टरांच्या हुकमाने पालथा पडलेला असताना तो फोनवर म्हणायचा, "जरा आवाज ऐकव तिचा."

गेल्या रविवारपासून झुल्मिरा थापा मारत होती. कधी पार्लरमध्ये गिऱ्हाईक बसलंय, कधी फोनची बॅटरी संपतेय.

खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. शनिवारी, नवरा येईल तेव्हा इंजिन लखलखीत दिसावं म्हणून, तिने नळी लावून ते साबणाने धुतलं होतं. रविवारी गाडी मेली. मग आपल्या पार्लरमधला केस वाळवायचा ड्रायर आणून ती तासन्तास इंजिनवर गरम वारा सोडत बसली. काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी डोळ्याबद्दल अजून नीट काही सांगितलं नव्हतं. त्याची नजर गेली आणि वर मी त्याची गाडी घालवली, हा विचार रात्री तिला झोपू देत नव्हता.

शेवटी तिने ओनोफ्रीला बोलावलं. ओनोफ्री अबेलार्दोचा जुना दोस्त, जन्मभर ट्रक चालवलेला आणि तिच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. तो आला तो कमरेला पट्टा बांधून आणि काखेत घडीची खुर्ची मारून.

"मला वाकता येत नाही," गॅरेजमध्ये खुर्ची मांडत तो म्हणाला. "मी डोकं, तुम्ही हात. आधी कॉफी."

तिने कॉफी आणि मक्याच्या केकचा तुकडा दिला.

"हं, आता सांगा. बंद पडायच्या आधी काय झालं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही म्हटलं ना!"

ओनोफ्रीने जमिनीवरच्या ड्रायरकडे पाहिलं, पण तोंडातला घास चावत राहिला. "हेडलाइट लावा. आता चावी फिरवा."

टक.

"दिवे तसेच राहिले. बॅटरी मेली असती तर दिवे झोपले असते. स्टार्टर अडकला असता तरी त्याने वीज ओढली असती आणि दिवे मंद झाले असते. इथे तर वीज कुठे जातच नाहीये." त्याने तिला हातोडीच्या दांड्याने स्टार्टरवर हलकेच ठोकायला लावलं. मग तारांची टोकं सोडवून, घासून परत बसवायला लावली. झुल्मिराचे कोपर तेलाने काळे झाले. तरीही टक.

"कोमाद्रे, स्टार्टर उतरवावा लागणार. आजचं काम नाही ते."

हे ऐकलं आणि तिचा धीर सुटला. ती तिथेच फरशीवर बसली. "मी धुतलं हो त्याला! इंजिन. साबण लावून, नळीने. माझ्यामुळेच झालं."

ओनोफ्री इतका हसला की कंबर धरून त्याला उभं राहावं लागलं. "अहो कोमाद्रे! अबेलार्दो आणि मी या गाडीने पुराच्या पाण्यातून ओढा ओलांडलाय. सीटवर मासा सापडला होता!"

"खोटं."

"बरं, मासा नव्हता. पण पाणी होतं. ऐका, पाणी गेलं तर इंजिन फिरतं, फक्त पेट घेत नाही. हे तर फिरतच नाहीये. दुखणं वेगळंय, पाण्याचं नाही. चार दिवस हे पोटात ठेवून बसलात?"

झुल्मिराने नाक पुसलं. गालावर तेलाचा पट्टा उमटला. अर्धं ओझं तिथेच उतरलं, पण गाडी होती तिथेच होती.

"आता मी बसतो चावीला," तो म्हणाला. आत शिरताना त्याने सगळ्या संतांची नावं घेतली. "मी चावी धरून ठेवतो. तुम्ही मागून बघा काय होतंय ते."

त्याने चावी धरली. झुल्मिरा इंजिनवर वाकली. जळक्या तेलाचा वास आला. कार्ब्युरेटरपाशी अ‍ॅक्सिलरेटरची तार येते, तिथून बारीक धूर निघत होता. तिने बोट लावलं आणि झटक्याने मागे घेतलं.

"आई गं! कोंपाद्रे, ही तार तापलीय! चटका बसला!"

"कुठली तार?"

"अ‍ॅक्सिलरेटरची. पायाने ओढतो ती."

"ती कशी तापेल? तिच्यातून वीज जातच..." ओनोफ्रीने स्टिअरिंगवर थाप मारली. "परतीचा रस्ता! कोमाद्रे, वीज इंजिनात जातेय, पण तिला माघारी बॅटरीकडे यायला वाट नाही. फायबरमधून ती जात नाही आणि इंजिन बसलंय रबरावर. म्हणून बिचारी त्या बारीक तारेवरून घुसतेय. माझ्या गाडीच्या डिकीतली जम्पर केबल आणा."

तिने केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. चावी फिरली. इंजिनने दोन गिरक्या घेतल्या, एक खोकला काढला आणि सगळं गॅरेज हादरवत पेटलं.

झुल्मिरा ओरडली, पण काय ओरडली ते त्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही.

मग इंजिन बंद करून, गाडी जॅकवर उचलून आणि खाली ठोकळे लावून ती आडवी होऊन गाडीखाली सरकली. गिअरबॉक्सच्या टोकाला वीज माघारी नेणारी तांब्याची चपटी, विणलेली पट्टी होती. हात लावताच तिचे हिरवे पडलेले धागे गळून आले. तिने ते बाहेर आणून दाखवले.

"हे एका धुण्यात कुजत नाही," ओनोफ्री म्हणाला. "वर्षानुवर्षं कुजतंय. अबेलार्दोने खाली डोकावून बघितलं नाही, नुसतं वरून पॉलिश करत बसला." त्याने आपल्या जम्पर केबलचा तुकडा कापला, टोकांना कड्या ठोकून दिल्या आणि तिने दोन्हीकडचा गंज खरवडून तो घट्ट आवळला. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"आणायला तुम्हीच जा," तो म्हणाला. "माझी कंबर पुन्हा त्या सीटमध्ये शिरायची नाही."

बस स्टँडवर अबेलार्दो उतरला तेव्हा त्याच्या एका डोळ्यावर प्लास्टिकची जाळी होती. उजव्या-डाव्या बाजूला मान वळवत त्याने लाल गाडी शोधली. गाडी त्याला दिसेपर्यंत झुल्मिराने श्वास रोखून धरला होता.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"पडदा चिकटलाय. आज तपासताना नर्सच्या कानातले दिसले मला, हिरवे होते. महिनाभर गाडी चालवायची नाही, बस." मग तिच्या गालाकडे निरखून बघत म्हणाला, "हे काय फासलंयस?"

ती हसायला लागली, मग रडायला लागली. गाडीत बसल्यावर तिने नळी, साबण, ड्रायर, सगळं सांगून टाकलं. त्याचे खांदे हलायला लागले.

"हसू नकोस, डोळा!" ती ओरडली.

"तू साबण लावलास? अगं, मी कधीचा म्हणतोय धुवायला हवं, पण धाडस होत नव्हतं."

वळणावर त्याने सवयीने गिअरकडे हात नेला. तिने तो हळूच उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः गिअर टाकला. त्याने विरोध केला नाही. चढ संपेपर्यंत तो डोळे मिटून बसला होता. झोपलाय की नुसता आवाज ऐकतोय, हे तिने विचारलं नाही. दाराशी गाडी थांबवली, तेव्हा तो खरंच घोरत होता.