काम सोडण्याचं कारण

बेकारभत्ता मिळवायचा तर आधी नकार मिळवावा लागतो, हे ट्वायला हेन्स्लीला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. साथीमुळे मार्चात सगळं बंद झालं, तसं तिचं एका खुर्चीचं पार्लरही बंद झालं. स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी सरकारने नवी योजना काढली होती खरी. पण तिच्यात शिरायला आधी नोकरदारांच्या जुन्या योजनेत अर्ज करायचा, तिथून ‘तुम्ही बसत नाही’ असं पत्र आणायचं, आणि ते जोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बरं, नकार तरी पटकन द्यावा की नाही? तोही तीन आठवड्यांनी आला. आमच्या डोंगरात ‘नाही’ ऐकायला एवढं कुणी कधी ताटकळलं नव्हतं.

मेच्या मध्यावर एकदाचा तिचा अर्ज मंजूर झाला. पहिल्या आठवड्याचे पैसे खात्यात जमा झाले आणि मागच्या सगळ्या आठवड्यांचे एकदम येणार असं साइटवर दिसू लागलं. ट्वायला ते पान दिवसातून चारदा उघडून बघायची. कारण साधं होतं. पार्लरची जागा वेंडेल शूमेटची. त्याचं औषधांचं दुकान शेजारीच, आणि मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं त्याच्या डोक्यात गेली दोन वर्षं घोळत होतं. दोन महिन्यांचं भाडं थकल्यावर तो दारात येऊन म्हणाला, “ट्वायला, मी काही राक्षस नाही. एक जूनपर्यंत थांबतो. एक जूनला पैसे नसतील तर मात्र किल्ली दे.” ते मागचे आठवडे आले की भाडं भागत होतं, वर थोडे उरतही होते. एकतीस वर्षांची जागा त्या एका रकमेवर अडकली होती.

आणि त्याच आठवड्यात मिस ओपल कॉडिल गेल्या.

मिस ओपल (लग्न झालेल्या म्हाताऱ्या बाईलाही आमच्याकडे मानाने ‘मिस’च म्हणतात) म्हणजे ट्वायलाचं पहिलं गिऱ्हाईक. पार्लर उघडलं त्या शुक्रवारी आल्या, त्या पुढे एकही शुक्रवार चुकवला नाही. बाईंची जीभ तिखट. ड्रायरखाली बसून अख्ख्या गावाची हजेरी घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेल्यावर ट्वायलाच रोलरची पिशवी घेऊन तिकडे जायची. तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, “ए पोरी, मी मेल्यावर केस तूच करायचेस हं. बर्लच्या बायकोने हात लावला तर पेटीतून उठून बसेन, सांगून ठेवते.” मार्चपासून आश्रमाने बाहेरच्यांना दार बंद केलं. त्या खिडकीतून हात हलवायच्या, आणि एक दिवस तेही थांबलं.

हा बर्ल टॅकेट प्रेतांची शेवटची तयारी करणारा, त्याचं फ्युनरल होम पुलापलीकडे. गावातला प्रत्येक माणूस शेवटी त्याच्याच हातून जातो. गुरुवारी सकाळी बर्लचा फोन आला. “ट्वायला, अगं, मिस ओपलची मुलगी म्हणतेय आईचे केस तूच करावेस. येशील का? मास्क, हातमोजे सगळं देतो.”

“येशील का म्हणून काय विचारतोस मेल्या,” ट्वायला म्हणाली, “येतेच.”

मागच्या थंड खोलीत तिने चादर बाजूला केली आणि तिला रडूच कोसळलं. कुणीतरी बोथट कात्रीने पुढचे केस कापले होते, मुळं बोटभर पांढरी, मागे गुंता. जिने जन्मात कधी विस्कटलेल्या केसांनी टपालवाल्याला दार उघडलं नाही, तिचे हे हाल. “काय करून ठेवलंय हो तुमचं,” असं म्हणत म्हणत तिने दोन तास काम केलं. रंग लावला, रोलर घातले, पुढचा तुकडा कपाळावर असा वळवला की कात्रीचं पाप दिसेना. शेवटी सवयीने हातातला आरसा उचलला, आणि कुणाला दाखवायचा ते न कळून परत ठेवला.

निघताना बर्लने पंचाहत्तर डॉलरचा चेक पुढे केला. तिने हात मागे घेतला. “अगं घे,” बर्ल म्हणाला. “मुलीच्या बिलात धरलेत, तिने भरलेतही. तू नाही घेतलेस तर ते माझ्या खिशात राहतील, आणि तसले पैसे मला नकोत.” तिने घेतले.

दर रविवारी भत्त्यासाठी प्रश्नांची उत्तरं भरावी लागत. ट्वायलाची मुलगी मिस्टी दूर फ्लोरिडात. ती फोनवर असायची आणि ट्वायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपसमोर. पहिलाच प्रश्न: या आठवड्यात काही काम केलंत का?

“नाही म्हण,” मिस्टी म्हणाली.

“केलं की.”

“मॉम, दोन तास! कुणाला कळणार आहे?”

“वर काय लिहिलंय ऐक. खोटं लिहिलं तर तुरुंग. आणि तुरुंग जाऊ दे खड्ड्यात. मिस ओपलचे केस मी केलेच नाहीत असं लिहू?”

मिस्टीने कपाळाला हात लावला असणार, फोनवर दिसलं नाही एवढंच. ट्वायलाने ‘हो’ दाबलं. मग साइटने विचारलं, काम देणाऱ्याचं नाव काय? टॅकेट. किती तास? दोन. किती मिळाले? तेही लिहिलं. अजून तिथे काम करता का? नाही. काम सुटण्याचं कारण?

खाली चार कारणं होती. मालकाने काढून टाकलं. कामच उरलं नाही म्हणून थांबवलं. संप. स्वतःहून सोडलं. पाचवं नव्हतं, आणि चारांतलं एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं.

“काम उरलं नाही, ते निवड,” मिस्टी म्हणाली.

“बर्लकडे काम उरलं नाही?” ट्वायला म्हणाली. “अगं, या वर्षी? त्याच्याकडे पेट्या ठेवायला जागा नाही. हे धडधडीत खोटं होईल. त्याने काढलं का मला? नाही. मीच पिशवी भरली, मीच निघाले.”

आणि तिने ‘स्वतःहून सोडलं’ निवडलं. आता बोला! खरं बोलण्याचं हे असं असतं, एकदा सुरू झालं की माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेईपर्यंत थांबत नाही.

सोमवारी भत्ता बंद झाला. ‘निर्णय व्हायचा आहे’ एवढीच ओळ. मागच्या आठवड्यांची रक्कम दिसत होती, तीही त्या ओळीखाली गेली. बर्लने त्याच दिवशी पत्र लिहून दिलं, की ही बाई माझ्याकडे नोकरीला नव्हती, एका मयताचे केस करायला आली होती. मिस्टीने ते साइटवर चढवलं. त्यावर उत्तर आलं, की पत्र मिळालं, या मेलला उत्तर देऊ नये.

मग फोन. सकाळी आठला लाइन सुरू व्हायची. ट्वायला आठला एक मिनिट असल्यापासून लावायची. कधी नुसतं एंगेज, कधी यंत्राची बाई सगळं ऐकून घेऊन म्हणायची की आज फार लोक आहेत, उद्या करा, आणि कट. नऊ दिवस हेच. बोटं दुखली, वैताग आला. एकदा तिने त्या यंत्राच्या बाईला अशा शिव्या घातल्या की स्वतःचीच लाज वाटून तिने सॉरी म्हटलं. यंत्राला!

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, खराखुरा माणसाचा आवाज आला. मागे कुत्रं भुंकत होतं. “सॉरी हं मॅडम, मी घरूनच काम करतेय,” ती बाई म्हणाली. आवाजावरून दमलेली. तिने कागद बघितले. “तुम्ही इथे काम स्वतःहून सोडलं असं लिहिलंय. काम सोडलं की भत्ता थांबतो.”

“अहो, ती बाई मेलेली होती,” ट्वायला म्हणाली. “एका डोक्याचे केस. ते झाल्यावर मी तिथे थांबून काय करायला हवं होतं?”

“मालक पुन्हा बोलावतील का तुम्हाला?”

“बोलावतील की. कुणी गेलं की.”

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “हे मी ऐकलं नाही. नाहीतर काम हातात असताना नाकारलं, असंही धरतील.”

“मग मी म्हणावं तरी काय?”

“काम उरलं नाही, ते निवडायचं होतं. सगळे तेच निवडतात.”

“मग आता बदला ना तुम्ही! तुमच्यासमोर उघडलंय ते पान.”

“मला दिसतं फक्त. बदलायचा अधिकार निर्णय अधिकाऱ्याला. दहा ते बारा आठवडे लागतील.”

“माझ्याकडे सोमवारपर्यंत आहे हो. पार्लर जाईल माझं.”

“माहितीये,” ती बाई म्हणाली. “सगळ्यांकडे सोमवारपर्यंतच आहे. सकाळपासून मी हेच ऐकतेय.” कुत्रं पुन्हा भुंकलं. तिच्यावर ओरडावं असं ट्वायलाच्या मनात होतं, पण ओरडून होणार काय? ती बिचारीही कुठल्यातरी टेबलाशी बसून लोकांचे तळतळाट झेलत होती. ट्वायलाने थँक यू म्हणून फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

सोमवारी वेंडेल आला. त्याने मान खाली घालूनच किल्ली घेतली. खुर्ची पाणी-नळासकट भिंतीला जोडलेली, ती काढायला माणूस लावायचा तर पैसे, म्हणून ती तिथेच राहिली. ड्रायर, रोलर, आरसे तिने गाडीत घालून घरी आणले आणि पुढच्या खोलीत रचले. गुरुवारी तिथे भिंतीवर घण पडायला लागले, पुलापर्यंत आवाज येत होता.

आणि त्याच गुरुवारी दुपारी गव्हर्नरने टीव्हीवर सांगितलं की पार्लरं उद्यापासून उघडता येतील.

दहा मिनिटांत फोन वाजला. व्हर्ना स्लोन, एकोणऐंशी वर्षांची, दोन्ही खांदे निकामी.

“ट्वायला, ऐकलंस ना गं? बाई बाई, सुटले एकदाची! अकरा आठवडे डोकं धड धुतलं नाही मी. हात वरच जात नाहीत. आरशात बघायची सोय राहिली नाही. मी उद्या दहाला येते, नेहमीसारखी. ऐकतेयस ना? हॅलो?”

ट्वायला पुढच्या खोलीत ड्रायरच्या ढिगाशी उभी होती. घरात केस कापायला परवाना चालत नाही. आणि कापले तरी रविवारी ते लिहावं लागणार. पार्लर गेलं, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. तिने तोंड उघडलं, ते काही केल्या निघेनात.

“ट्वायला? दहाला येऊ ना?”

“हो,” ती म्हणाली. “या.”

व्हर्नाने पुन्हा पुन्हा देवाचे आभार मानून फोन ठेवला. कुठे यायचं ते तिने विचारलं नव्हतं, आणि ट्वायलाने सांगितलं नव्हतं. हातातला फोन तेवढ्यात पुन्हा वाजायला लागला.