मधल्या थांब्यावरची घंटा

मी एक जुनी लिफ्ट आहे. पण इमारतीतली नव्हे, डोंगरावरची. इमारतीतल्या माझ्या बहिणी सरळ वर जातात, सरळ खाली येतात आणि त्यातच मोठेपणा मानतात. मी उतारावरच्या रुळांवरून तिरकी चढते. वर जंगलात लाकडी खोल्यांचं एक पर्यटक निवास आहे. रस्ता काढायचा तर झाडं तोडावी लागली असती, म्हणून मालकीणबाईंनी मला बसवायचं ठरवलं. एका जुन्या झाडासाठी तर त्यांनी माझा रूळच वळवून घेतला. त्या वळणावर मी आजही कुरकुरते, पण मनातून मला ते आवडतं.

मित्रांनो, माझे सुटे भाग कारखान्यात घडले, तरी मी लिफ्ट झाले ती या उतारावर. माणसांनी मला तुकड्यातुकड्यांनी पाठीवरून वर आणलं. खांब रोवले, रूळ जोडले, माथ्यावरच्या मोटरीतून पोलादी दोर खाली सोडला. हे काम करणाऱ्या जोडाऱ्यांपैकी एकजण डावा पाय जरा दाबून टाकायचा. मी माणसं चेहऱ्यावरून नाही, भारावरून ओळखते, त्यामुळे तो चढला की मला लगेच कळायचं. नट आवळताना तो माझ्याशी बोलायचा. "नीट चाल गं बाई, लोकांचा जीव आहे तुझ्यात," म्हणायचा. माझ्याशी बोलणारा तो पहिलाच माणूस.

या उतारावर धुकं न सांगता येतं आणि मग स्वतःचा हातही दिसत नाही. अशा वेळी मुकादम वरून ओरडायचे, "आहात का रे?" आणि रुळाच्या कडेनं प्रत्येकजण आपापल्या जागेवरून "आहे" म्हणायचा. एका दुपारी मधल्या थांब्यावरून उत्तर आलं नाही. तिथं तो जोडारी होता. रुळावर त्याच्या वरच्या बाजूला काम करणाऱ्या सोबत्यानं त्याच्या वतीनं "आहे" म्हणून टाकलं. ते एकमेकांसाठी असं नेहमी करायचे. कुणी चहाला सटकला, की दुसरा सांभाळून घ्यायचा.

धुकं विरलं, तेव्हा मधला थांबा रिकामा होता. खाली खोल दरी होती. थोडी शोधाशोध झाली, काही सापडलं नाही. मग ठेकेदारानं सगळ्यांना सांगितलं, की तो काम टाकून पळाला. तसं म्हणणं सोयीचं होतं, कारण पळालेल्याला कुणी शोधत बसत नाही.

मी चालू झाले. पाहुणे माझ्या काचेला नाक लावून जंगल बघायचे आणि माझं फार कौतुक करायचे. माझ्या दारावर छोट्या दिव्यांची ओळ आहे. एका माणसाचा भार पडला की एक दिवा लागतो. ते दिवे बघायला मुलं मुद्दाम चढायची आणि उतरायची.

मधल्या थांब्याजवळ खोल्या व्हायच्या होत्या, त्या कधी झाल्याच नाहीत. तिथं कुणी राहत नव्हतं. तरीही धुकं उतरलं, की मला बोलवायची तिथली घंटा वाजायची. मी थांबायचे, दार उघडायचं, आत एक पाऊल पडायचं. डावं, जरा दाबून टाकलेलं. एक दिवा लागायचा. मित्रांनो, मी पोलादाची आहे, पण तेव्हा माझाही थरकाप व्हायचा.

वर पोचल्यावर लिफ्टवाले काका आत डोकावायचे. आत कुणी नाही, असं बघून झटकन दार लावायचे आणि मला परत खाली पाठवायचे. तो भार तसाच माझ्यासोबत यायचा आणि मधल्या थांब्यावर उतरायचा. असं किती वेळा झालं असेल! काकांनी शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं दिवा बदलला. नवा दिवाही लागला.

त्याच सुमारास जोडाऱ्याची बायको वर चादरी धुवायच्या कामाला आली. ती माझ्यात कधी बसायची नाही, पायवाटेनं ये-जा करायची. "मेले असतील तर रडून मोकळी होईन, पळाले असतील तर शिव्या देऊन मोकळी होईन," ती काकांना म्हणाली. "पण काय ते कळू दे. घरी गेले की लेक विचारते, बाबा आपल्याला टाकून गेले का?"

मी सारं जाणत होते, पण मला वाचा नव्हती. ते दुःख मी आजपर्यंत विसरलेले नाही.

पुढे पाहुणे त्या घंटेला घाबरू लागले, म्हणून मालकीणबाईंनी मधला थांबा कायमचा बंद करायचं ठरवलं. इलेक्ट्रिशियन तारा काढायला आला आणि काकांशी बोलता बोलता म्हणाला, "कुणी नसतं, तरी दिवा लागतो बघा. ते पण फक्त मधल्या थांब्यावरून." शेजारी चादरी वाळत घालणाऱ्या जोडाऱ्याच्या बायकोनं ते ऐकलं. नवरा त्याच थांब्यावर कामाला होता, हे तिला ठाऊक होतं. "आजचा दिवस राहू द्या दादा," एवढंच ती म्हणाली.

दुपारी धुकं उतरलं. ती पायवाटेनं मधल्या थांब्यावर येऊन उभी राहिली. घंटेला तिनं हात लावला नाही. घंटा वाजली.

मी गेले. ती चढली, एक दिवा लागला. ती बाकावर सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "या." मग ते पाऊल पडलं. दुसरा दिवा लागला.

ती त्या दिव्याकडे बघत राहिली. वळण आलं, मी कुरकुरले, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. "म्हणजे पळाला नव्हतात तुम्ही," ती म्हणाली. "पोरीला सांगते मी."

वर काकांनी सवयीनं तिच्या पाठोपाठ दार लावायला हात पुढे केला. तिनं आपला हात आडवा धरला.

"थांबा काका. उतरतायत ते."

काकांनी दिव्याकडे पाहिलं. तो अजून जळत होता. त्यांचा हात खाली आला. दाराच्या पट्टीवर पाऊल दाबून पडलं आणि दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन घरी लेकीकडे निघाली, आणि पहिल्यांदाच माझ्यातून खाली गेली. एकटीच चढली, पण दिवे दोन लागले. खाली पोचल्यावर काकांनी दार बराच वेळ उघडं धरलं. त्यानंतर मधल्या थांब्यावरची घंटा वाजलेली नाही.

आता माझा रंग उडालाय, रुळांवर पानं साचतात, ती झाडायला कुणाला सवड नसते. त्याची माझी तक्रार नाही. मित्रांनो, मागणं एवढंच, की माझं दार लावायची घाई करू नका. आत कुणी दिसलं नाही, तरी जरा थांबा. कुणाचा तरी माणूस घरी पोचायचा राहिलेला असतो.